मशीद बंदरचे स्मरणगृह

मुंबईच्या मशीद बंदराकडे आपण जातो ते बहुधा खरेदीच्या निमित्ताने. मसाल्यांचे आणि सुक्या मेव्याचे व्यापारी, हातगाड्यांची रेटारेटी, हमालांच्या आरोळ्या, एवढेच त्या भागाचे चित्र बहुतेकांच्या मनात असते. ह्या गजबजाटाच्या पलीकडे, गोदीच्या बाजूला, हिंदी खलाशांसाठी बांधलेले एक विश्रामगृह आहे. ‘इंडियन सेलर्स होम’ हे त्याचे नाव. ह्या वास्तूत एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे तेथे नोंदवलेली आहेत. समुद्रावाचून ज्यांना दुसरी कबर नाही, त्यांचे हे स्मारक. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचा एक नामग्रंथही ह्याच वास्तूच्या स्वाधीन करण्यात आला. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला सेंट थॉमस कॅथीड्रल ठाऊक असते, गेटवे ऑफ इंडिया तर लहान मुलालाही ठाऊक असते. ह्या स्मरणगृहाचे नाव मात्र शंभरांत एकानेही ऐकलेले नसते.

आजच्या ह्या व्याख्यानासाठी आम्ही हाच विषय निवडला आहे. युद्धांचा इतिहास सांगणारी व्याख्याने ह्या व्यासपीठावर पुष्कळ झाली आहेत. सेनापतींची, तहांची, किल्ल्यांची चर्चा आपण आवडीने ऐकतो. युद्ध संपल्यानंतर मेलेल्यांचे काय होते, त्यांची आठवण कोण ठेवतो, कोठे ठेवतो आणि कशी ठेवतो, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो विचारला म्हणजे आपल्याच समाजाविषयी काही गोष्टी कळू लागतात, आणि त्यांतील सर्वच सुखावह नाहीत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पडलेल्या वीराचे स्मरण ही कल्पना आपण इंग्रजांकडून शिकलो नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या देवळाच्या आवारात डोकावून पाहा. शेंदूर माखलेला, अर्धा मातीत रुतलेला एखादा वीरगळ तेथे हटकून आढळेल. त्यावर एकावर एक असे चौकोन असतात. खालच्या चौकोनात वीर पडलेला किंवा लढताना दाखवलेला असतो. त्यावरच्या चौकोनात अप्सरा त्याला स्वर्गाला नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर ह्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढून मेलेला साधा गावकरीही ह्या मानाला पात्र ठरे. त्यासाठी त्याला राजा असावे लागत नसे.

आमच्या विषयाला अगदी जवळचे वीरगळ मुंबईतच आहेत. बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते, त्यांवरचे योद्धे, आणि नंतर वर जाणारे वीर. तेराव्या शतकात शिलाहार राजा सोमेश्वर व यादव राजा महादेव यांच्यात समुद्रावर जे युद्ध झाले, त्याच्याशी अनेक अभ्यासक ह्या शिल्पांचा संबंध जोडतात. समुद्रावर मेलेल्या माणसासाठी जमिनीवर दगड उभा करण्याची रीत ह्या किनाऱ्याला सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. ह्या वीरगळांत एक उणीव आहे, ती मात्र सांगितली पाहिजे. वल्ही मोजता येतात, शिडे ओळखता येतात. पण मेलेल्यांची नावे आज आपल्याला वाचता येत नाहीत. पराक्रम राहिला आणि माणूस गेला, असे तेथे घडले आहे. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा आठवणार आहोत.

वीरगळाशिवाय आपल्याकडे स्मरणाची आणखी एक रीत आहे, आणि ती वीरगळाहूनही अधिक रुळलेली आहे. माणूस गेला म्हणजे त्याच्या नावाने आपण काही तरी उपयोगाची वस्तू करतो. नदीला घाट बांधतो, वाटेवर धर्मशाळा उभारतो, उन्हाळ्यात पाणपोई घालतो. ज्याची ऐपत नाही तो शाळेला एक बाक देतो, नाही तर देवळाला एक समई देतो. पायरीवर, बाकाच्या पाठीवर, पातेल्याच्या काठावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे आपण किती वेळा वाचली असतील! ह्या रीतीत एक खोल समज आहे. मेलेल्याचे नाव जिवंतांच्या नित्याच्या वापरात राहिले पाहिजे, तरच ते टिकते. ज्या पायरीवर रोज पाय पडतो ती पायरी कोणी विसरत नाही. मशीद बंदरचे स्मरणगृह ह्याच जातीचे आहे. मेलेल्या खलाशांची आठवण येथे जिवंत खलाशांना आसरा देणाऱ्या घरात ठेवली गेली. स्मारकाचा हा प्रकार आपल्या धर्मशाळेच्या कल्पनेशी किती जुळतो, हे निराळे सांगावयास नको.

त्या वस्तीच्या नावातही असाच एक योग आहे. ‘मशीद बंदर’ ह्या नावातील मशीद म्हणजे बेने इस्राएल लोकांचे प्रार्थनामंदिर, असे सामान्यतः मानले जाते. ते मंदिर सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, या बेने इस्राएल लष्करी अधिकाऱ्याने १७९६ साली बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्याने नवस केला होता, असे परंपरा सांगते. रणातून जिवंत परतलेल्या एका मराठीभाषक सैनिकाच्या कृतज्ञतेतून ज्या वस्तीला नाव मिळाले, तेथेच पुढे न परतलेल्यांचे स्मारक झाले.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. १९१४ ते १९१८ ह्या काळात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे ह्या युद्धासाठी परदेशी गेली, आणि सुमारे ७४,००० परत आली नाहीत. ह्या आकड्यात पश्चिम महाराष्ट्राचा व कोकणाचा वाटा मोठा होता. सातारा तालुक्यातील अपशिंगे ह्या एकाच गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. ते गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. युद्धानंतर सरकारने अशा गावांना संगमरवरी फलक दिले. साताऱ्यात, पुणे जिल्ह्यात, रत्नागिरीच्या खेड्यांत, कोठे चावडीच्या भिंतीत, कोठे शाळेच्या दारात, हे फलक आजही आढळतात. त्यांवरचा मजकूर ठरावीक साच्याचा आहे. ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तो सांगतो. आकडे आहेत, नावे नाहीत. एकसरच्या दगडांवर नाव काळाने पुसले असे म्हणता येईल, पण येथे ते मुळात कोरलेच गेले नाही.

हा केवळ खेड्यातल्या फलकांचा दोष असता तर खर्चाची सबब सांगता आली असती. मेसोपोटेमियाचे उदाहरण पाहा. त्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पुणे डिव्हिजन’ असे होते, आणि तीत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथे ही फौज ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. घोडे कापून खाण्याची वेळ आली तेव्हा धर्मामुळे आणि जातीच्या बंधनामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि ते अधिकच खंगले. त्यानंतरच्या कैदेत हजारो मेले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४०,५०० हून अधिक मृतांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक बांधण्यात आले व १९२९ साली त्याचे अनावरण झाले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके’ असा आकडा घातला गेला.

हे काम ज्या आयोगाकडे होते, त्याचे घोषित तत्त्व असे होते की, मृत्यूनंतर दर्जा, वंश व धर्म यांवरून भेद करावयाचा नाही. फ्रान्समध्ये ते तत्त्व बऱ्याच अंशी पाळलेही गेले. न्यूव्ह-शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत, आणि त्यांत साधे शिपाईही आहेत. युरोपातील प्रवासी ते स्मारक पाहणार होता. बसऱ्याच्या वाळूत कोण पाहावयास जाणार! ह्या भेदभावाची जाहीर कबुली मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ह्याच संस्थेने नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नसावे, असे मान्य करण्यात आले. बसऱ्याचे स्मारक तर १९९७ साली मूळ जागेवरून उचलून नासिरियाजवळच्या वाळवंटात नेण्यात आले. आकड्यांचे ते स्मारकही असे स्थलांतरित झाले.

शिपायाची ही गत, तर खलाशाची काय असेल? ‘लष्कर’ हा शब्द आपण फौजेसाठी वापरतो. हाच फारसी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजांकडे गेला आणि त्याचा ‘लस्कर’ झाला. इंग्रजी जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशाला ते ह्या नावाने ओळखत. शब्द एकच, पण एकाला पदक मिळे, पेन्शन मिळे, आणि दुसऱ्याला सफर संपली की मजुरी चुकती करून निरोप मिळे. कागदोपत्री तो सैनिक नव्हता. शत्रूची पाणबुडी मात्र सैनिक कोण व मजूर कोण हा भेद पाहात नसे.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर हे लोक कोठून येत? डेकवरचे पुष्कळसे खलाशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे असत. त्यांत कोकणी मुसलमान होते, तसे खारवी आणि भंडारीही होते. उतारूंच्या दिवाणखान्यात व स्वयंपाकघरात काम करणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. इंजिनाच्या भट्टीपुढे कोळसा ओढणारे आगवाले पंजाब व सरहद्दीकडचे. सारंग हा सगळ्यांचा मुकादम, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा तो सुकाणी. ही जहाजावरची दर्जांची नावे कोकणात आजही आडनावे म्हणून नांदताहेत. सारंग व तांडेल ही घराणी ज्या गावांत आहेत, तेथील कोणाचा तरी आजा-पणजा अटलांटिकच्या पाण्यात गेला असेल, ही शक्यता काही दूरची नव्हे.

त्यांना गोऱ्या खलाशाच्या मानाने मजुरी कितीतरी कमी मिळे आणि झोपण्यास जागाही अपुरी असे. पाणबुडीचा गोळा लागला की सर्वांत आधी मरत ते भट्टीपुढचे लोक, कारण ते जहाजाच्या पोटात असत. पहिल्या महायुद्धात असे तीन हजारांवर हिंदी खलाशी मेले. लंडनला टॉवर हिल येथे व्यापारी नौकांवरील मृतांचे भव्य स्मारक १९२८ साली उघडण्यात आले, त्यावर सुमारे १२,००० नावे आहेत. हिंदी खलाशी त्याच नौकांवर मेले, पण त्यांची नावे तेथे नाहीत. त्यांच्यासाठी हिंदुस्थानातच सोय करण्यात आली. कलकत्त्याला हुगळीच्या काठी १९२४ साली बंगाल व आसामच्या ८९६ खलाशांसाठी एक मनोरा उभा राहिला, आणि मुंबईला मशीद बंदरचे हे स्मरणगृह झाले. एकाच जहाजावर, एकाच घटकेला बुडालेल्या माणसांची आठवण अशी दोन खंडांत वाटली गेली.

येथे एक गोष्ट मात्र निःपक्षपातीपणे नोंदली पाहिजे. भेदाच्या ह्या सर्व व्यवहारात मुंबईच्या स्मारकाने एक न्याय केला. त्याने नावे लिहिली. बसऱ्याला साध्या शिपायाचा आकडा झाला, आमच्या खेड्यातल्या फलकांवरही आकडाच राहिला. पण मशीद बंदरला भट्टीपुढच्या आगवाल्याचे, भांडी घासणाऱ्या पोऱ्याचेही नाव राहिले. ही नावे आपल्या कानांस ओळखीची आहेत. इंग्रज कारकुनाने ती कानाला लागली तशी लिहिली, त्यामुळे त्यांची रूपे काहीशी वाकडी झाली आहेत. तरीही कोकणातल्या माणसाने ती वाचली तर त्याला गाव कळेल, मोहल्ला कळेल.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ ही आगबोट जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बुडवली. तिच्यावर इंग्लंडमधून कॅनडाला सुरक्षित जागी पाठवलेली ९० मुले होती, त्यांपैकी ७७ मेली. ह्या मुलांच्या करुण कहाणीवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच थंड पाण्यात त्याच रात्री शेकड्याच्या आसपास हिंदी खलाशीही गेले. हे सांगणारा लेखक क्वचित भेटतो. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही बोट जपानी पाणबुडीने बुडवली. बोटीवरच्या ९५८ जणांपैकी २८० जण मेले. त्यांत आफ्रिकेला चाललेली हिंदी कुटुंबे होती, तसे नाविकही होते. आणि १४ एप्रिल १९४४ रोजी तर युद्ध मुंबईच्या दारातच आले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला. गोदी, मांडवी, मशीद बंदर हा सर्व भाग हादरला आणि जळाला, शेकडो माणसे मेली, अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. खलाशांचे ते घर ज्या वस्तीत उभे होते, तीच वस्ती त्या दिवशी रणभूमी झाली.

ह्या युद्धात गेलेल्या हिंदी खलाशांसाठी नवा मनोरा किंवा भिंत बांधली गेली नाही. त्यांचे स्मारक म्हणजे एक ग्रंथ. त्याच्या दोन सारख्या प्रती केल्या, एक मुंबईसाठी व दुसरी चितगावसाठी. त्यात सहा हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी चारशेहून अधिक अविभक्त हिंदुस्थानच्या नौदलातील आणि जवळजवळ सहा हजार व्यापारी नौकांवरील. देशाची फाळणी झाली, पुढे १९७१ साली चितगाव आणखी एका नव्या देशात गेले, तरी यादी एकच राहिली. सिल्हेटचा खलाशी व दापोलीचा खलाशी तीत एकत्र आहेत.

आता ह्या गोष्टीची घरातली बाजू पाहू. कारण स्मारके सरकार बांधते, पण मरण घरात येते. खलाशी मेला तर कोकणातल्या त्याच्या घरी देह येत नसे. कधी कधी नक्की बातमीही येत नसे. ‘बेपत्ता’ ह्या शब्दाने बाईच्या कपाळावरचे कुंकू राहिले की गेले, हे कळावे कसे? आमच्या धर्मशास्त्राने ह्या अवस्थेचा विचार केलेला आहे. जो परदेशी नाहीसा झाला, त्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा. ह्यालाच आपण पलाशविधी म्हणतो. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल, तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करावे. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे; त्यांच्यात देह समोर नसताना गायबाना नमाज पढण्याची मुभा आहे. गोव्याचा ख्रिस्ती २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो. एकाच जहाजावरच्या तीन धर्मांच्या माणसांसाठी तीन निराळ्या रीती होत्या, पण त्या तिन्हींची गरज एकच होती. कोणाचे तरी नाव घ्यावयाचे होते. नावाशिवाय तर्पण होत नाही, दुवा मागता येत नाही आणि मिस्साही सांगता येत नाही. म्हणूनच आकडा स्मारकाला पुरत असेल, पण घराला तो पुरत नाही.

आणि घर म्हणजे केवळ गावचे घर नव्हे. मुंबईत आलेल्या गोवेकर खलाशांनी धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांच्या ‘कुडी’ काढल्या. एका गावच्या लोकांनी एक जागा भाड्याने घ्यावयाची, भिंतीशी देव्हारा मांडावयाचा, पेट्या ओळीने ठेवावयाच्या आणि जहाज मिळेपर्यंत तेथे राहावयाचे. गिरणगावातल्या कोकणी गावकऱ्यांच्या खोल्यांचे स्वरूपही असेच होते. गावची बातमी तेथे येई, मनिऑर्डरी तेथून जात, आणि कोणी परत न आल्यास त्याची पेटी तेथेच राही. ती पेटी कोणाच्या हाती गावी पाठवावी, हा त्या खोलीतला सर्वांत अवघड प्रश्न असे. स्मरणाची खरी संस्था तीच होती. मशीद बंदरच्या वास्तूचे महत्त्व आम्हांस ह्या दृष्टीने वाटते. पुढच्या सफरीची वाट पाहणारा तरुण खलाशी जेथे पथारी टाकतो, त्याच छपराखाली त्याच्या आधीच्यांची नावे असणे ह्याला एक अर्थ आहे. तो रस्त्यावरचा पुतळा नव्हे, की ज्याला वर्षातून एकदा हार घातला म्हणजे झाले.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे लोक साम्राज्यासाठी मेले. ज्या सरकारने लोकमान्यांना मंडालेला धाडले त्याच सरकारच्या नोकरीत मेले. स्वतंत्र भारताने त्यांचे स्मरण का करावे? आमचे उत्तर असे आहे. ते साम्राज्यावरच्या प्रेमाने गेले असे समजण्यास फारसा आधार नाही. कोकणात शेती थोडी व तोंडे फार. सैन्य, गिरणी व जहाज ह्या तीन दारांवाचून तरुणाला चौथे दार नव्हते. त्याच्या मनिऑर्डरीवर घरे उभी राहिली, मुली उजवल्या, शाळा निघाल्या. त्याचे स्मरण करणे म्हणजे साम्राज्याचे समर्थन करणे नव्हे. उलट साम्राज्याने त्याला कसे वागवले, हे त्याच्या स्मरणाशिवाय कळणारच नाही. शिवाय हे लोक मुकाट्याने सोसणारे होते असेही नाही. युद्ध सुरू होताच १९३९ साली हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले आणि पगारवाढ मिळवली. त्याच युद्धातून परतलेल्या नौदलाच्या नाविकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वर बंडाला आरंभ केला, आणि साम्राज्याला आपला काळ संपल्याची जाणीव झाली. ज्याने गुलामीत नोकरी केली तो मनानेही गुलाम होता, असा हिशेब इतिहासात चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण स्मरणाची नवी स्थळे निर्माण केली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथे स्वातंत्र्योत्तर काळात प्राण दिलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे एकेक करून कोरलेली आहेत. २०२३ साली देशभर ग्रामपंचायतींतून वीरांच्या नावांचे शिलाफलक लावण्याची मोहीम झाली. आकड्याकडून नावाकडे आलेली ही वाट योग्य आहे, ह्यात शंका नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही हिंदी मालकीची आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, तिच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. परंतु ह्या सर्वांच्या मधल्या फटीत आमचा खलाशी राहून जातो. तो सैनिक नव्हता, म्हणून सैनिकांच्या यादीत नाही. स्वातंत्र्यापूर्वी मेला, म्हणून नव्या स्मारकावर नाही. हिंदी होता, म्हणून लंडनच्या स्मारकावर नाही. त्याचे नाव आहे ते मशीद बंदरला आणि चितगावला.

मग करावयाचे काय? आमची सूचना मोठी नाही. तिला निधी नको, समिती नको. ज्या गावांत ते आकड्यांचे फलक आहेत, त्या गावच्या शाळांनी आपल्या फलकाची नावे शोधून काढावी. पूर्वी हे काम अशक्यप्राय होते. आज युद्धमृतांच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात, आणि त्यांत कित्येकांच्या बापाचे व गावाचे नावही असते. फलकावर ‘सहा’ असेल, तर ते सहा कोण, हे एखाद्या हुशार मुलाला वर्षभरात सापडेल. रत्नागिरी व सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या गावांनी तसेच मशीद बंदरच्या यादीतून आपली माणसे हुडकावी. वयोवृद्धांना विचारावे, जुन्या पेट्या उघडाव्या. एखाद्या पेटीच्या तळाशी पिवळे पडलेले पत्र असेल. मग जे नाव सापडेल ते इंग्रजी वळणातून सोडवून आपल्या लिपीत नीट लिहावे आणि वर्षातून एकदा गावसभेत मोठ्याने वाचावे. त्यासाठी सर्वपित्रीचा दिवस निवडावा, सागरी दिन निवडावा, की गावची जत्रा, हे ज्याच्या त्याच्या सोयीने ठरावे.

एकसरच्या दगडांवर गलबते राहिली आणि नावे गेली. ते काम करणारे हात आपल्यापासून सातशे वर्षे दूर आहेत, त्यांना आपण काही सांगू शकत नाही. पण मशीद बंदरची नावे अद्याप वाचता येतात, आणि ती वाचणारी भाषा अद्याप त्यांच्या गावात बोलली जाते. जो खलाशी १९१७ साली बुडाला त्याचा पणतू आज हयात असेल, कदाचित ह्या सभागृहातही असेल. आणखी दोन पिढ्या गेल्या म्हणजे नाव ओळखणारा कोणी उरणार नाही. मग ती यादी शाबूत असली तरी तिला एकसरच्या दगडाचीच कळा येईल. तेव्हा ज्यांच्या घराण्यात सारंग, तांडेल, सुकाणी झाले असतील, त्यांनी पुढच्या वेळी मुंबईला गेल्यावर मसाला घेऊन परत फिरण्यापूर्वी चार पावले गोदीच्या बाजूला टाकावी, आणि त्या यादीत आपल्या गावचा कोणी आहे का ते पाहून यावे, एवढी विनंती करून आम्ही हे विवेचन पुरे करतो.